प्रोजेक्टचं उत्तर नेमकं कुणाला हवंय? विद्यार्थ्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

समर प्रोजेक्टचे दिवस जवळ आले की माझा इनबॉक्स भरतो. एमबीए, बीबीए, एमकॉम, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून यावेळी निवडक प्रश्न एकत्र घेतलेत. काहींना लांब उत्तर दिलंय, काहींना दोन ओळीत, कारण प्रश्नच तसे आहेत.

प्रश्न : सर, मी सोलापूरला एमबीए फर्स्ट इयरला आहे. 'भारतातील डिजिटल पेमेंटचा अभ्यास' असा विषय दिला तर गाईड मॅडम म्हणाल्या खूप मोठा आहे. मग 'सोलापूरमधील डिजिटल पेमेंटचा अभ्यास' केला, तरी नाहीच म्हणाल्या. छोटा म्हणजे नेमका किती छोटा करू?

मॅडमचं बरोबर आहे गं. गावाचं नाव घातलंस तर नकाशा छोटा झाला, विषय होता तेवढाच राहिला. 'अभ्यास' या शब्दाला शेवट नसतो, तो कधी पूर्ण झाला हे तुलाही कळणार नाही आणि परीक्षकालाही. म्हणून विषय प्रश्नाच्या रूपात लिही, शेवटी प्रश्नचिन्ह आलंच पाहिजे, आणि मग स्वतःला विचार की याचं उत्तर मिळालं तर कोण काय वेगळं करेल? कुणीच काही करणार नसेल तर तो प्रश्न सोडून दे, कितीही भारी वाटत असला तरी.

तुझ्याच विषयावर करून बघू. यूपीआय २०१६ मध्ये आलं, आता प्रत्येक किराणा दुकानात क्यूआर कोड आहे आणि पैसे आले की मोठ्याने सांगणारा तो डबा पण आहे. पण किराणा दुकान खरं चालतं उधारीच्या वहीवर. महिन्याच्या एक तारखेला येणारं गिऱ्हाईक, पगार झाला की देतो म्हणणारं गिऱ्हाईक. मग प्रश्न असा की क्यूआर कोड लावल्यापासून दुकानदाराची उधारी कमी झाली, की गिऱ्हाईक आता उधारीच ऑनलाइन फेडतं आणि उधारी आहे तेवढीच आहे? हे दुकानदाराला जाणून घ्यायचंय, त्याला माल देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला पण जाणून घ्यायचंय कारण त्याचे पैसे तिथेच अडकतात. आता याच्यात जुळे सोलापूरसारखी नवी वस्ती आणि विजापूर वेशीसारखी जुनी बाजारपेठ अशा दोन ठिकाणची दुकानं घे, झाला तुझा प्रोजेक्ट. शीर्षक मग 'अभ्यास' शब्द घालून लिही हवं तर, युनिव्हर्सिटीच्या फॉर्मला तसं लागतं, पण तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर प्रश्नच राहू दे.

आणि एक कर, विषय सबमिट करायच्या आधी चार दुकानदारांशी बोलून ये. प्रश्नावली नको, नुसतं बोलायचं. दुपारी अडीच ते चारच्या मधे जा, तेव्हा गर्दी नसते आणि काका लोक निवांत असतात. चारपैकी तिघांना तुझा प्रश्न कळला आणि ते स्वतःहून बोलायला लागले तर विषय चांगला आहे. त्यांनी नुसतं 'हो हो चांगलं आहे डिजिटल' म्हणून वाटेला लावलं तर प्रश्न बदल.

प्रश्न : आमचे सर म्हणतात १०० लोकांचं सॅम्पल (म्हणजे प्रश्न विचारायला निवडलेली माणसं) बास झालं, सीनियर म्हणतो ३८४ पाहिजेच. कुणाचं ऐकू? (बीबीए, नाशिक)

३८४ हा आकडा कुठून आला ते आधी समजून घे, कारण पोरं तो मंत्रासारखा लिहितात आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, विचारलं की गप्प बसतात. लोकसंख्या खूप मोठी आहे, तुला ९५ टक्के खात्री हवी आहे आणि चूक पाच टक्क्यांच्या आत हवी आहे, आणि कौल अर्धा-अर्धा असेल असं सगळ्यात अवघड गृहीत धरलं, तर १.९६ (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर येतं ३८४.१६. एवढंच आहे ते. लोकसंख्या छोटी असेल तर आकडा पण कमी होतो, क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७० चा तक्ता आहे त्यात १००० लोकांसाठी २७८ आणि २०० लोकांसाठी १३२ दिलेत. समजा तू एका कारखान्यातल्या २०० कामगारांवर प्रोजेक्ट करतोयस, तर ३८४ आणणार कुठून?

पण हे सगळं गणित तेव्हाच लागू होतं जेव्हा माणसं रँडम, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी, निवडली असतील, आणि आपल्याकडे निम्म्याहून जास्त प्रोजेक्ट तिथेच फसतात. लिंक कॉलेजच्या ग्रुपवर टाकली, मावसभावाने त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकली, आले ३८४ फॉर्म, आणि रिपोर्टात लिहिलं 'नाशिकमधील ग्राहक'. हे नाशिकचे ग्राहक नाहीत रे, हे तुझे आणि तुझ्या मावसभावाचे मित्र आहेत. १९३६ ला अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाच्या मासिकाने निवडणुकीचा अंदाज घ्यायला एक कोटी लोकांना कार्ड पाठवली होती, वीस लाखांहून जास्त परत आली, आणि त्यांनी सांगितलं लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन जिंकले. कारण काय, तर नावं घेतली होती टेलिफोनच्या यादीतून आणि गाडीवाल्यांच्या यादीतून, आणि मंदीच्या काळात फोन आणि गाडी असलेला माणूस वेगळा होता, शिवाय कार्ड परत पाठवायची तसदी घेणारा पण वेगळा. जॉर्ज गॅलप नावाच्या सर्वेक्षण करणाऱ्याने त्याहून कितीतरी कमी लोकांना विचारून बरोबर सांगितलं.

त्यामुळे तुझ्या सरांचं १०० चालेल, फक्त ती १०० माणसं कशी निवडलीस ते स्पष्ट लिही. रविवारी सकाळी अमुक बाजारात, दर पाचव्या गिऱ्हाइकाला विचारलं, इतक्यांनी नाही म्हटलं. 'इतक्यांनी नाही म्हटलं' हे वाक्य मला जवळजवळ कुठल्याच रिपोर्टात दिसत नाही, आणि ज्यात दिसतं तो रिपोर्ट मी शेवटपर्यंत मन लावून वाचतो.

प्रश्न : मी इचलकरंजीत यंत्रमागाच्या युनिटमध्ये इंटर्नशिप करतोय. मालक चांगले आहेत पण कुठलेच आकडे देत नाहीत. उलाढाल विचारली की विषय बदलतात. कंपनीच डेटा देत नसेल तर फायनान्सचा प्रोजेक्ट कसा करायचा?

तू त्यांच्या जागी असतास तर दिले असतेस का आकडे? दोन महिन्यांसाठी आलेल्या पोराला? त्यांचं काही चुकत नाही. तुला मागायची पद्धत बदलायला लागेल. रुपये विचारू नकोस, दिवस विचार. इचलकरंजीत बरेच जण खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे. त्यांचं रोजचं दुखणं म्हणजे मजुरीचे पैसे कधी येणार. आता एमएसएमईचा, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांचा, २००६ चा कायदा सांगतो की लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे आणि करार नसेल तर १५ दिवसांत, आणि आयकरात ४३बी(एच) हे कलम १ एप्रिल २०२४ पासून आलं, म्हणजे वेळेत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा करता येतो. मग प्रत्यक्षात काय बदललं? पैसे आधी किती दिवसांनी यायचे, आता किती दिवसांनी येतात, उद्यम नोंदणी (सरकारकडे लहान उद्योग म्हणून केलेली नोंद) असलेल्याला आणि नसलेल्याला फरक पडतो का? हे विचारलंस तर मालक तुला चहा मागवून अर्धा तास सांगतील, कारण यात त्यांचं गुपित काही उघडं पडत नाही आणि दुखणं मात्र कुणीतरी ऐकून घेतंय.

उलाढाल लागतच असेल तर टप्पे करून विचार, नाव छापणार नाही असं कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून दे, आणि रिपोर्टात 'युनिट अ', 'युनिट ब' असं लिही. ते वचन पाळ पण. व्हायवाला परीक्षकांनी नाव विचारलं तरी सांगायचं नाही.

बाकी दुय्यम माहिती, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच गोळा केलेली, भरपूर फुकट पडलेली असते. लिस्टेड कंपन्यांचे वार्षिक अहवाल, रिझर्व्ह बँकेचं हँडबुक, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचे महिन्याचे आकडे, आणि आपल्या राज्याची आर्थिक पाहणी, जी दरवर्षी बजेटच्या आधी येते आणि मराठीत पण असते. इतकं चांगलं मराठी पुस्तक, आणि कॉमर्सची पोरं ते उघडत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न : माझ्या गुगल फॉर्मला १२० रिस्पॉन्स आले पण सगळीकडे 'सहमत', 'सहमत', 'सहमत'. आता अ‍ॅनालिसिस कशाचं करू? (एमकॉम, रत्नागिरी)

तुझे प्रश्न मी बघितले, तू पाठवले होतेस ते. 'अ‍ॅपची सेवा जलद आणि विश्वासार्ह आहे', सहमत की असहमत. आता जलद असेल पण विश्वासार्ह नसेल तर माणसाने काय टिक करायचं? एका प्रश्नात एकच गोष्ट. दुसरं म्हणजे बावीसच्या बावीस विधानं कौतुकाचीच आहेत, तर माणूस पाचव्या प्रश्नानंतर न वाचता खाली खाली टिक करत जातो. लिकर्ट नावाच्या संशोधकाने १९३२ ला ही सहमत-असहमतची स्केल मांडली तेव्हापासून हा धोका माहीत आहे, म्हणून चार-पाच विधानं उलटी घालतात, 'तक्रार केल्यावर उत्तर यायला वेळ लागतो' अशी. आणि जिथे जमेल तिथे मत विचारूच नका, घडलेलं विचारा. 'तुम्ही समाधानी आहात का' यापेक्षा 'गेल्या महिन्यात किती वेळा ऑर्डर केली, शेवटची तक्रार कधी केली, काय झालं तिचं'. माणूस आपलं मत सांगताना समोरच्याला बरं वाटेल असं बोलतो, आपल्याकडे तर जास्तच, कॉलेजची मुलगी दारात आलीये तर कशाला नाराज करा.

प्रश्नावली मराठीतच दे. इंग्रजी फॉर्म बघून माणूस न कळलेलं पण टिक करतो, विचारत नाही. आणि पाठवायच्या आधी आठ-दहा जणांसमोर बसून भरून घे, कुठे अडखळतात ते बघ, तिथे पेन्सिलने खूण कर.

आत्ताचे १२० फेकू नकोस. त्यातल्या पंधरा-वीस जणांना फोन करून शेवटच्या तक्रारीबद्दल मोकळं बोल, ते मुलाखतीचं साहित्य म्हणून वेगळं प्रकरण कर, आणि रिपोर्टातल्या 'मर्यादा' या भागात फॉर्मची चूक स्वतः लिही.

प्रश्न : मला स्टॅटिस्टिक्स अजिबात येत नाही. एसपीएसएस शिकणं गरजेचं आहे का?

नाही. एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर आहे, एक्सेल पुरतं, आणि तसंच जामोवी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. पण आधी कागदावर एक तक्ता करून बघ. समजा, फक्त उदाहरण म्हणून, ८० दुकानं आहेत. ४० जणांकडे क्यूआर कोड जुना आहे, त्यातले २५ म्हणाले उधारी घटली. ४० जणांकडे नवा आहे, त्यातले १५ म्हणाले घटली. काहीच संबंध नसता तर प्रत्येक घरात २० आले असते. फरक ५, त्याचा वर्ग २५, भागिले २० म्हणजे १.२५, चार घरं म्हणून ५. या बेरजेला काय-स्क्वेअर म्हणतात, तो आला ५, आणि पाच टक्क्यांच्या पातळीला एका डिग्री ऑफ फ्रीडमसाठी (अशा चार घरांच्या तक्त्याला ती एकच असते) मर्यादा आहे ३.८४. म्हणजे हा फरक नुसता योगायोगाने आला असण्याची शक्यता कमी. झालं. हे हाताने एकदा केलंस की सॉफ्टवेअर काय करतं ते कळतं आणि व्हायवाला घाम फुटत नाही.

दोन सरासऱ्यांमधला फरक तपासणाऱ्या टी-टेस्टला 'स्टुडंट्स टी' म्हणतात ते विद्यार्थ्यांसाठी म्हणून नाही बरं का. गॉसेट नावाचा माणूस डब्लिनला गिनेसच्या बिअर कारखान्यात होता, थोड्याशा नमुन्यांवरून बार्लीबद्दल निर्णय घ्यावे लागायचे, त्यातून त्याने ही पद्धत काढली. कंपनी त्याला त्याच्या खऱ्या नावाने छापू देईना म्हणून १९०८ ला 'स्टुडंट' या नावाने छापली. इचलकरंजीच्या मित्रा, बघ, माहिती बाहेर न देणाऱ्या कंपनीतूनच केवढं मोठं काम आलं.

प्रश्न : हायपोथेसिस रिजेक्ट झालं तर मार्क कमी होतात का?

होत नाहीत. तो आधी बांधलेला अंदाज असतो. जे निघालं ते लिही.

प्रश्न : मी जॉब करून एमबीए करतोय, वय ३४. आठ आठवडे आहेत, त्यातले तीन विषय ठरवण्यात गेले. आता कसं बसवू? मित्र म्हणतो उरलेले फॉर्म आपणच भरून टाक, कोण बघतंय. (पुणे)

मी बघतो. एकदा माझ्याकडे दीडशे फॉर्म आले होते, सगळे एकाच रात्री अकरा ते साडेबारात भरलेले, शीटमध्ये वेळ आपोआप नोंदली जाते हे त्या मुलाच्या लक्षातच आलं नव्हतं. मुलगा हुशार होता, अडचणीत होता, मला आधी सांगितलं असतं तर चाळीस फॉर्मवर मी आनंदाने सही केली असती. त्याला पूर्ण काम परत करायला लावलं आणि ते मला आजही जड जातं. तुम्ही असं करू नका, गाईडकडे जा आणि सांगा की वेळ कमी आहे, सॅम्पल कमी करतो.

पाच आठवडे खूप आहेत. या आठवड्यात प्रश्नावली करायच्या आधी रिपोर्टातले तक्ते कोरे काढा. आडव्या रांगा, उभ्या रांगा, शीर्षक, फक्त आकडे रिकामे. असे सहा-सात तक्ते काढलेत की जो प्रश्न कुठल्याच तक्त्यात जात नाही तो प्रश्नावलीतून उडवा, तीसचे बारा होतील. मग दोन-तीन दिवस चाचणी, पुढचे दोन आठवडे फील्ड, म्हणजे तुमचे दोन शनिवार-रविवार आणि ऑफिसनंतरचे काही तास. रिसर्च मेथडॉलॉजीचं, म्हणजे अभ्यास कसा केला ते सांगणारं, प्रकरण फील्डला जायच्या आधीच लिहून ठेवा, ते शेवटी लिहिलं की माणूस जे झालं त्याला साजेसं लिहितो. चौथ्या आठवड्यात तक्ते भरा, पाचव्यात लिहा. संदर्भ एआयला विचारून घेत असाल तर प्रत्येक पेपर स्वतः उघडून बघा, तो नसलेले पेपर पण नावानिशी देतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात प्रबंधासाठी दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरतात, पण तुमच्या कॉलेजची मर्यादा आधी विचारून घ्या.

आणि चौतीस वय आहे, दहा वर्षं नोकरी झाली असेल, तर विषय बाहेर कशाला शोधताय. ऑफिसमध्ये कुठली फाईल सगळ्यात जास्त दिवस अडकते ते उद्या बघा आणि का अडकते ते विचारा. साहेबांची परवानगी घ्या फक्त.