सायकलने कामावर: वाचकांचे प्रश्न

बडोद्यात कामावर सायकलने जाणाऱ्या आणि जाऊ पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. सायकल सुटते ती बहुधा एखाद्याच अडचणीपायी. कुणाला घामाचा त्रास, कुणाला पंक्चरचा, कुणाचा गुडघा दुखतो. यातल्या बऱ्याच अडचणी थोड्या पैशांत आणि घरच्या घरी सुटतात, म्हणून उत्तरे जरा तपशिलात दिली आहेत.

प्रश्न: कारेलीबागेतून अलकापुरीला ऑफिस आहे. पोहोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटतो. ऑफिसात आंघोळीची सोय नाही. काय करावे?

आधी पाठीवरची सॅक उतरवा. पाठ झाकली की तिथला घाम वाळायला वाव राहत नाही. कॅरिअरला बॅग बांधा किंवा पुढे टोपली लावून घ्या. एवढ्यानेही शर्टाची अवस्था बरीच सुधारते.

दुसरी गोष्ट वेगाची. ताशी १२ ते १५ किलोमीटरच्या चालीने गेलात तर वारा घाम वाळवत राहतो. घामाच्या खऱ्या धारा लागतात त्या थांबल्यावर, कारण अंग तापलेले असते आणि वारा बंद झालेला असतो. म्हणून शेवटचा किलोमीटर अगदी सावकाश चालवा. पोहोचल्याबरोबर कपडे बदलू नका. दहा मिनिटे पंख्याखाली बसा, मग ओल्या नॅपकिनने मान, काखा आणि पाठ पुसा, कोरड्या पंचाने टिपा आणि त्यानंतर शर्ट घाला. घाईने घातलेला स्वच्छ शर्टही पाच मिनिटांत ओला होतो. येताना जुना टी-शर्ट घालावा आणि आठवड्याचे इस्त्रीचे शर्ट सोमवारीच ऑफिसच्या कपाटात नेऊन ठेवावेत.

सायकल एकाच गिअरची आणि जड वाटत असेल तर मागचे फ्रीव्हील (मागच्या चाकाचे दातेरी चक्र) बदलून पाहा. देशी सायकलींना बहुधा पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतात. मागे २० दात्यांचे बसवले की पायावरचा भार सुमारे एक दशांशाने हलका होतो आणि तेवढा वेगही कमी होतो. बडोद्याच्या सपाट रस्त्यांवर तो वेग कुणाला लागत नाही. एक ध्यानात ठेवा: दोन दाते वाढले की त्याच चेनवर मागचे चाक साधारण ६ मिलिमीटर पुढे सरकते. खाचेत तेवढी जागा नसेल तर चेनमध्ये जोड घालावा लागेल. दुकानदाराकडून हे आधीच तपासून घ्या.

मे महिन्यात दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा सकाळी नऊच्या आत पोहोचावे आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर निघावे. निघण्यापूर्वी एक मोठा ग्लास पाणी घ्यावे. डोके हलके वाटू लागले किंवा अंगावर काटा आला तर लगेच सावलीत थांबा. ते उष्णता बाधत असल्याचे लक्षण आहे, तशात पायडल मारत राहू नका.

प्रश्न: रात्री हवा भरून ठेवतो, सकाळी मागचे चाक बसलेले असते. पंक्चरवाला म्हणतो, पंक्चर नाही.

तो बरोबर सांगत असावा. दोष बहुधा वाल ट्यूबचा आहे. साध्या सायकलीच्या वाल्व्हमध्ये एक पिन असते आणि तिच्यावर बारीक रबरी नळी चढवलेली असते. पिनच्या बाजूला असलेले भोक ही नळी झाकते, त्यामुळे हवा आत जाते पण बाहेर येत नाही. उन्हात उभ्या राहणाऱ्या सायकलीचे हे रबर कडक होऊन चिरते आणि रात्रभर हवा हळूहळू निसटते.

तपासायची रीत सोपी आहे. चाक फिरवून वाल्व्ह सर्वांत वर आणा म्हणजे त्याचे तोंड खाली येईल. खालून पाण्याने भरलेली छोटी वाटी धरून वाल्व्ह त्यात बुडवा. बुडबुडे आले की चोर सापडला. नट सोडवून पिन बाहेर काढा (सगळी हवा जाईल), जुने रबर खरवडून काढा, नव्या नळीचा तुकडा थुंकीने ओला करून भोक पूर्ण झाकेल इतका वर चढवा आणि नट आवळा. हे रबर अगदी किरकोळ किमतीत मिळते. उन्हाळ्यानंतर, पावसाळ्यापूर्वी एकदा ते बदलावे.

वाल्व्ह मोटारसायकलसारखा असेल तर आतली कोर (हवा अडवणारी पिन) सैल झालेली असते, ती आवळून घ्या. त्या वाल्व्हमध्ये पेट्रोल पंपावर हवा भरता येते, पण सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते थोडी आणि पंपावरची हवा येते जोरात. क्षणभर सोडा, थांबा, टायर दाबून पाहा, पुन्हा सोडा. टायरच्या बाजूवर दाबाचा आकडा कोरलेला असतो, तो ओलांडू नका.

खरेच पंक्चर झाले तर भोक कुठे आणि कसे आहे ते बघा, कारण त्यावरून कारण कळते. बाहेरच्या अंगाला एकच भोक असेल तर काटा, काच किंवा तार लागली आहे. शेजारी शेजारी दोन उभ्या चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिम व टायरमध्ये चिमटली. आतल्या, म्हणजे रिमकडच्या अंगाला भोक असेल तर रिम टेप (स्पोकची टोके झाकणारी पट्टी) सरकली आहे आणि स्पोकचे टोक टोचते आहे. अशा वेळी कितीही पॅच लावले तरी टेप बदलल्याशिवाय पंक्चर थांबणार नाही.

काट्याचे पंक्चर असेल तर टायरच्या आतून कापडाची चिंधी फिरवा. ती जिथे अडकेल तिथे काटा किंवा तार आहे. बोट फिरवू नका, चिरेल. बाभळीचा काटा बाहेरून मोडलेला असतो आणि आत राहिलेले टोक दिसत नाही. ते काढले नाही तर नवी ट्यूब दुसऱ्याच वळणावर बसते. पॅच लावताना होणारी चूक एकच: सोल्युशन ओले असतानाच पॅच चिकटवणे. घासा, पातळ हात द्या, चार-पाच मिनिटे थांबा, बोटाला चिकटेनासे झाले की पॅच दाबून बसवा.

बॅगेत एक तयार ट्यूब, टायर उचलायच्या दोन पट्ट्या, हातपंप आणि १५ नंबरचा पाना ठेवा. रस्त्यात पॅच लावत बसू नका. ट्यूब बदला आणि जुनी घरी जोडा.

प्रश्न: पावसाळ्यात अलकापुरीचे गरनाळे (रेल्वेखालचा भुयारी रस्ता) भरते, रस्त्यांवर पाणी साचते. सायकल पाण्यातून न्यावी का?

घोट्यापर्यंत पाणी असेल आणि रस्ता ओळखीचा असेल तर हळू जाता येते. त्याहून जास्त असेल तर उतरा, नाहीतर दुसऱ्या वाटेने जा. पायडल खालच्या टोकाला जमिनीपासून जेमतेम १०-१२ सेंटिमीटरवर येते, त्यामुळे पाय आधी बुडतो. खरी भीती उघड्या गटाराची. गढूळ पाण्याखाली झाकण आहे की नाही हे वरून कळत नाही, म्हणून सायकल हाताने नेतानाही रस्त्याच्या कडेऐवजी मधून न्या. भरलेल्या गरनाळ्यात तर शिरूच नका, आत उतार असल्याने पुढे पाणी किती खोल आहे याचा अंदाज येत नाही. विश्वामित्रीला पूर असताना काठच्या रस्त्यांवरून अंधारात जाणे पूर्ण टाळा, मगरी रस्त्यावर येतात. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या वस्तीत शिरलेल्या शहराने पाहिल्या आहेत.

सायकल हबपर्यंत, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापर्यंत, बुडाली असेल तर नुसते तेल घालून भागत नाही. पाणी ग्रीस धुऊन नेते आणि गाळ आत ठेवते. दोन्ही हब आणि मधले बॉटम ब्रॅकेट (पायडलच्या दांड्यांचा आस फिरतो ती नळी) उघडून रॉकेलने धुवावे, नवे ग्रीस आणि नवे छर्रे (पोलादी गोळ्या) घालावेत. साध्या हबात पुढे बहुधा ३/१६ इंची आणि मागे १/४ इंची छर्रे असतात. कोन (छर्रे धरून ठेवणारा आसावरचा शंकूसारखा नट) आवळताना चाक मोकळे फिरले पाहिजे आणि हाताने हलवल्यावर खडखडले नाही पाहिजे. सीटची नळी उपसून सायकल उलटी करायला विसरू नका. फ्रेममध्ये साठलेले पाणी तिथून निघते, नाहीतर फ्रेम आतून गंजते.

रोजच्या पावसात चेनला शिवणयंत्राचे तेल टिकत नाही, जरा दाट तेल घ्या. आधी चेन फडक्याने कोरडी करा, आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एक थेंब सोडा, दहा मिनिटांनी बाहेरचे सगळे पुसून काढा. पुसले नाही तर त्यावर माती बसते आणि तीच चेन झिजवते. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतो. चौक यायच्या आधी दोन-तीन वेळा हलके दाबून रिमवरचे पाणी निपटून घ्या.

प्रश्न: उत्तरायणाच्या दिवसांत पतंगाच्या दोऱ्याची भीती वाटते. सायकल बंद ठेवावी का?

१४ आणि १५ जानेवारीला बंदच ठेवावी. पण धोका डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत असतो, आणि इतके दिवस सायकल बंद ठेवणे व्यवहार्य नाही. स्कूटरला लावतात तशी उलट्या यू आकाराची लोखंडी सळई हँडलला दोन क्लॅम्पने बसवून घ्या. तिची उंची तुम्ही बसलेले असताना डोक्याच्या वर गेली पाहिजे. छातीपर्यंतची सळई कामाची नाही, दोरा तिच्यावरून घसरून थेट गळ्यावर येतो. गळ्याभोवती जाड मफलर चार पदरी गुंडाळा. हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी तो दिसतोच, आणि तो तुटत नाही म्हणून जास्त घातक.

दोरा अंगाला लागलाच तर हाताने ओढू नका. दोन्ही ब्रेक दाबून थांबा आणि मग सोडवा. चाकात गुंडाळलेला दोराही ओढायचा नाही. तो हबच्या कोनाशेजारी शिरतो आणि ओढला की आणखी घट्ट आत जातो. चाक हळूहळू उलटे फिरवत दोरा कात्रीने तुकड्या-तुकड्यांत कापून काढा.

प्रश्न: सायकल सुरू केल्यापासून गुडघे दुखतात. वय ५२. सोडून द्यावी का?

आधी सीट मोजा. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. गुडघा वाकलेला राहत असेल तर सीट खाली आहे, आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूचे दुखणे बहुधा त्यामुळेच असते. मागून दुखत असेल तर सीट जास्त वर गेली असावी. एका वेळी ५ मिलिमीटरच बदला आणि तीन-चार दिवस पाहा. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीवर टेकावेत म्हणून लोक सीट खाली ठेवतात, पण बोटे टेकली तरी पुरे. गुडघ्याला सूज असेल किंवा रात्रीही दुखत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: पंजाबी ड्रेस घालून सायकल चालवताना ओढणी चाकात जाते.

ओढणी खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेला गाठ मारा, किंवा सरळ बॅगेत ठेवा. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी आणि चेनला पूर्ण कव्हर बसवून घ्या, अर्धे कव्हर सलवारीला वाचवत नाही.

प्रश्न: मकरपुरा जीआयडीसीत कारखान्याबाहेर सायकल लावावी लागते. चोरीचे काय?

तारेचे कुलूप साध्या कटरने तुटते. जाड साखळी घ्या आणि मागचे चाक व फ्रेम दोन्ही खांबाला बांधा. बॉटम ब्रॅकेटच्या खाली फ्रेम नंबर ठोकलेला असतो. तो आणि पावती यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, तक्रारीत तोच नंबर लागतो.

प्रश्न: संध्याकाळी परतताना अटल ब्रिजवरून यावे की खालून?

खालून. गेंडा सर्कलपासून मनीषा चोकडीपर्यंतचा हा पूल सुमारे साडेतीन किलोमीटरचा आहे. वर गाड्या वेगात असतात आणि पंक्चर झाले तर बाजूला व्हायला जागा नाही. खालच्या रस्त्यावर सिग्नल लागतात, पण थांबता येते. मागे लाल दिवा सतत पेटता ठेवा. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो, पण सायकल किती जवळ आहे याचा अंदाज मागच्याला त्यावरून नीट येत नाही. दोन्ही पायडलांवर चमकणारी टेप चिकटवा. ती वरखाली हलते म्हणून पुढे सायकल आहे हे गाडीवाल्याला लांबूनच कळते.