हाक मारली की आले पाहिजे : पिल्लाच्या पहिल्या शिकवणीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वावराच्या राखणीसाठी आम्ही एक गावठी पिल्लू आणले आहे. ते आता अडीच महिन्यांचे आहे. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, की कुत्र्याला सहा महिन्यांपर्यंत काही शिकवायचे नसते, त्याला बांधून ठेवावे आणि अधूनमधून मिरची घातलेली भाकर द्यावी, म्हणजे ते तिखट निघते. सध्या मात्र हाक मारली की ते उलट दूर पळते. आधी काय शिकवावे?
– एक शेतकरी वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : हाक मारल्यावर आपले पिल्लू दूर पळते, म्हणजे ते शिकायला लागले आहे, आपल्या हाकेनंतर काहीतरी नकोसे घडते, एवढे त्याने ओळखले आहे. सहा महिने थांबण्याचा सल्ला मी कधीच देत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्या माणसांशी, जनावरांशी आणि आवाजांशी ओळख करून घेते, त्यांना ते पुढे सहसा भीत नाही. आणि या काळात जे त्याने पाहिलेच नाही, त्याच्यावर ते मोठेपणी भुंकते, त्याच्यापासून पळते किंवा त्याला चावते. आपले पिल्लू आज दहा-अकरा आठवड्यांचे आहे, म्हणजे आपल्या हाती तीनचार आठवडे उरले आहेत. त्या दिवसांत त्याला कडेवर घेऊन बैलजोडी, ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, शाळेतून परतणारी मुले, डोक्यावर भारा घेतलेली बाई, काठी टेकत येणारे आजोबा हे सारे दुरून दाखवावे. कडेवर घेऊन असे मुद्दाम सांगतो, कारण लसी पूर्ण होईपर्यंत गावातील इतर कुत्री जिथे फिरतात त्या जमिनीवर त्याला सोडू नये. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या हगवणीचा विषाणू मातीत अनेक महिने टिकतो.

मिरचीविषयी स्पष्ट लिहितो. मिरचीने पिल्लाचे तोंड आणि पोट जळते, त्याला हगवण लागते, आणि ज्या हातातून भाकर मिळते त्या हातावरचा त्याचा विश्वास उडतो. दिवसभर दाव्याला बांधलेले, तोंड पोळलेले कुत्रे राखण करत नाही. ते घाबरून चावते, आणि बहुतेक वेळा घरातल्याच लेकराला चावते. राखण शिकवावी लागत नाही. जे घर आपले वाटते त्याची राखण गावठी कुत्रे वर्ष-दीड वर्षाचे झाल्यावर आपणहून करू लागते.

शिकवायची आहे ती हाक. वावरात कुत्रे मोकळे असते. रस्त्यावर ट्रक असतो, बिनकठड्याची विहीर असते, रानडुकरांसाठी लावलेले तारेचे कुंपण असते. अशा वेळी आपल्या हातात दोरी नसते, आवाज तेवढा असतो. म्हणून सर्वप्रथम घरातील सर्वांनी मिळून एक नाव आणि एक हाक ठरवावी. आपल्याकडे लहान मुले ‘यू यू’ करून पिल्लाला बोलावतात, आजी त्याच पिल्लाला ओसरीवरून ‘हाड’ करते आणि घरधनी नावाने हाक मारून दटावतो. मग पिल्लाने काय समजावे? नाव केवळ चांगल्या गोष्टीच्या आधी घ्यावे. रागवायचे असेल तेव्हा नाव घेऊ नये.

सुरुवात दोन हातांच्या अंतरावरून करावी. पिल्लाचे लक्ष नसताना नाव घ्यावे, त्याने मान वळवली की लगेच, म्हणजे एक-दोन सेकंदांच्या आत, नखाएवढा उकडलेल्या अंड्याचा तुकडा त्याच्या तोंडाशी धरावा. उशिरा दिलेला तुकडा कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी दोन-तीन मिनिटे, तेही जेवणाआधी भूक असताना, एवढे पुरे होते. ते जमले की ओसरीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, मग अंगणातून, मग वावरात पंधरा-वीस हात लांब हलकी दोरी बांधून, असे अंतर वाढवीत जावे. दोरी ओढायची नसते, ती पिल्लू निसटू नये यासाठी असते. पिल्लू आले नाही तर त्याच्या मागे धावू नये. पाठलाग हा त्याला खेळ वाटतो. उलट आपणच पाठ फिरवून दुसऱ्या दिशेला धावावे, खाली बसावे, जमिनीवर थाप मारावी. पिल्लू येतेच.

आता सर्वांत महत्त्वाचे. पिल्लाने चप्पल फाडली, आपण त्याला हाक मारली, ते शेपूट हलवीत आले आणि आपण त्याला चापट मारली, तर पिल्लाच्या दृष्टीने ती चापट चपलेची नसते, येण्याची असते. अशा दोन-तीन चापटांत महिनाभराची मेहनत वाया जाते, आणि आपल्या घरी नेमके हेच घडले असावे, असे मला आपल्या पत्रावरून वाटते. तसे असेल तर जुनी हाक सोडून द्यावी, नवा शब्द घ्यावा आणि पहिल्यापासून सुरुवात करावी. आलेल्या पिल्लाला कधीही मारू नये. त्याला पकडून लगेच बांधूही नये. दहा वेळा बोलावले तर नऊ वेळा तुकडा देऊन पुन्हा मोकळे सोडावे.

हाकेच्या जोडीने ‘सोड’ हा शब्द शिकवावा. मुठीत भाकरीचा तुकडा धरून मूठ पिल्लापुढे न्यावी. ते चाटील, नाक खुपसील, पंजा मारील. मूठ उघडू नये. ज्या क्षणी ते नाक मागे घेईल त्या क्षणी ‘सोड’ म्हणावे आणि दुसऱ्या हातातील अंड्याचा तुकडा द्यावा. मुठीतला तुकडा मात्र त्याला देऊ नये. पुढे तुकडा जमिनीवर पायाखाली ठेवून हेच करावे, आणि तोंडात धरलेली वस्तू सोडवायची असेल तेव्हा हिसकावण्याऐवजी तिच्याहून चांगली वस्तू देऊन अदलाबदल करावी, कारण हिसकावून घेतले की पिल्लू ती वस्तू गिळायला शिकते.

हा शब्द मी इतक्या आग्रहाने का सांगतो, त्याचे कारण एका सकाळचे आहे. आमच्या जनावरांच्या दवाखान्यात एक शेतकरी दोन पिल्ले घेऊन आला होता. उंदरांसाठी विष कालवून ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यांपर्यंत दोन्ही पिल्ले एकदमच पोहोचली होती. एकाने तोंडात घेतलेली गोळी शेतकऱ्याच्या मुलीच्या ‘सोड’ या शब्दावर टाकली आणि ते पोरीच्या पायाशी येऊन बसले. दुसऱ्याच्या तोंडात बोट घालून ती काढण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्याने ती गिळली. ते आम्हाला वाचवता आले नाही. पेरणीच्या दिवसांत औषध लावलेले बियाणे, फवारणीनंतर धुऱ्यावर टाकलेल्या बाटल्या, विषाने मेलेला उंदीर या साऱ्यांसमोर हाच शब्द उपयोगी पडतो. विष पोटात गेल्याची शंका आली, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याच्या फंदात पडू नये. औषधाचे वेष्टन सोबत घेऊन तडक पशुवैद्यकाकडे जावे.

प्रश्न : आमचे दोन महिन्यांचे पिल्लू मुलांच्या हातापायांना सतत चावते आणि घरात कुठेही लघवी करते. सासूबाईंनी दोनदा त्याचे नाक त्या जागी घासले, तरी फरक पडला नाही. काय करावे?
– एक वाचक भगिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, नाक घासल्याने पिल्लू एवढेच शिकते, की माणसांदेखत लघवी करणे धोक्याचे आहे, आणि मग ते पलंगाखाली किंवा कणगीमागे जाऊन करते. दोन महिन्यांचे पिल्लू फार तर दोन-तीन तास लघवी रोखू शकते. महिन्यांच्या संख्येत एक मिळवून जितके होतील तितके तास, हा ढोबळ हिशेब लक्षात ठेवावा. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला लगेच उचलून सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या, एकाच ठराविक जागी न्यावे, तिथे गप्प उभे राहावे आणि ते उरकल्यावर तिथल्या तिथे शाबासकी व तुकडा द्यावा. घरात आल्यावर दिलेला तुकडा घरात येण्याबद्दलचा ठरतो. सारवलेल्या जमिनीत लघवी मुरते आणि वास राहिला की पिल्लू पुन्हा तिथेच बसते, म्हणून तेवढा पोपडा खरवडून नव्याने सारवावे. रात्री एकदा उठावे लागेल. तीनचार आठवड्यांत बहुतेक पिल्ले वळणावर येतात, आणि सासूबाईंचा रागही तोवर निवळेल.

चावण्याचे म्हणाल, तर या वयात त्याच्या तोंडात सुईसारखे २८ दुधाचे दात असतात. ते साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात. किती जोराने चावले तर समोरच्याला दुखते, हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकते. म्हणूनच आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नये, असे मी वारंवार लिहितो. आता ते काम आपल्या घराला करायचे आहे. दात लागताच हात सैल सोडून खेळ थांबवावा, उठून पाठ फिरवावी, अर्ध्या मिनिटाने पुन्हा खेळायला बसावे. मुले किंचाळून पळाली की पिल्लाला अधिक चेव येतो. त्यांना ‘झाडासारखे उभे राहा’ असे सांगावे. जुन्या सुती लुगड्याच्या पट्टीला गाठी मारून, माठातल्या पाण्यात भिजवून चावायला द्यावे. हिरड्यांना बरे वाटते. पिल्लू खात असताना मुलांनी त्याच्याजवळ जाऊ नये आणि लहान मुलाला पिल्लापाशी एकटे सोडू नये.

एक गोष्ट मात्र सौम्यपणे सांगून चालणार नाही. पिल्लाचा दात किंवा नख लागून कातडी फुटली, तर ‘एवढेसे पिल्लू आहे’ असे म्हणू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद किंवा चुना लावू नये आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. रेबीज पिल्लांनाही होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपाय उरत नाही. पिल्लाला तीन महिने पूर्ण होताच रेबीजची लस द्यावी आणि पुढील मात्रा डॉक्टर सांगतील त्या तारखेला चुकवू नयेत.

प्रश्न : पिल्लू कोंबड्यांच्या मागे लागते. आमच्या गावाजवळ जंगल आहे आणि बिबट्या येतो. रात्री त्याला कुठे ठेवावे?
– एक वाचक, ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : रात्री त्याला अंगणात बांधू नये. बांधलेले कुत्रे बिबट्यापासून पळूही शकत नाही, आणि कुत्र्याच्या मागावर आलेला बिबट्या घराच्या दारापर्यंत पोहोचतो. घरात किंवा दार पक्के लागणाऱ्या कोठ्यात झोपण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावावी. आधी दिवसा पाच मिनिटे दार लावून, आत गोणपाट आणि चघळायला काही देऊन, ते शांत असतानाच दार उघडावे. रडत असताना उघडले तर रडल्याने दार उघडते, असा त्याचा समज होतो. कोंबड्यांबाबत उपाय असा : पिल्लाला दोरीने धरून कोंबड्यांपासून इतके लांब बसावे, की त्याला त्या दिसतील पण ते ओढ घेणार नाही. त्याने कोंबडीवरची नजर काढून आपल्याकडे पाहिले, की तुकडा द्यावा. अंतर रोज थोडे कमी करावे. एकदा पाठलागाची गोडी लागली की मोठेपणी ती सोडवणे अतिशय कठीण जाते, म्हणून तोवर कोंबड्या मोकळ्या असताना पिल्लू मोकळे नसावे.

प्रश्न : आमचे पिल्लू कान, पाय, तोंड यांना हात लावू देत नाही. अंगावर गोचिड्या आहेत. दवाखान्यात नेले तर अंगावर येते.
– एक संत्राबागायतदार वाचक, ता. काटोल, जि. नागपूर

उत्तर : हात लावू देणे हेही कौशल्यच आहे, आणि ते फारच थोड्या घरांत शिकवले जाते, याची मला खंत वाटते. संध्याकाळी पिल्लू दमलेले असताना ओसरीवर मांडी घालून बसावे आणि त्याला मांडीत घ्यावे. खांद्यावर हात ठेवावा, तुकडा द्यावा. मग कान क्षणभर उचलावा, तुकडा द्यावा. पंजा हातात घेऊन दोन बोटे हलकेच फाकवावीत, तुकडा द्यावा. आधी स्पर्श, नंतर तुकडा, हा क्रम उलटा होता कामा नये. त्याने पाय ओढून घेतला तर आपण घाई केली असे समजून एक पायरी मागे यावे. आठ-दहा दिवसांत ओठ वर करून दात पाहता येतात, शेपटीखाली पाहता येते, आणि पाहताना कळते, की गोचिड्या नेमक्या कानाच्या आतल्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यात दडलेल्या असतात. त्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढाव्यात. उदबत्तीचा चटका देऊ नये, रॉकेल लावू नये. गोठ्यासाठी आणलेले गोचिडनाशक पिल्लाला अंदाजाने लावणे तर जिवावर बेतू शकते. पिल्लाच्या वजनानुसार मात्रा डॉक्टरांकडून घ्यावी, कारण गोचिडांतून येणारा ताप पिल्लाचे रक्त फार लवकर कमी करतो.

दवाखान्याची भीती जाण्यासाठी एकदा काहीही काम नसताना पिल्लाला तिथे न्यावे. उन्हाळा असेल तर सकाळी लवकर न्यावे. टेबलावर उभे करावे, डॉक्टरांच्या हातून अंड्याचा तुकडा द्यावा, कानाला हात लावू द्यावा आणि सुई न टोचता परत आणावे. बहुतेक डॉक्टर याला आनंदाने तयार होतात. मी तरी होत असे. त्यानंतरच्या आठवड्यात लसीसाठी न्यावे.