टेन्शन नाही, मग 'स्ट्रेस' कुठला?

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय, वडिलांना मोतीबिंदू झालाय, डॉक्टर बोलता बोलता 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हणाले आणि तेव्हापासून वडील घरभर सांगत फिरतायत की मला कसलं टेन्शन नाही, मग हा स्ट्रेस कुठनं आला. याला मराठीत काय म्हणायचं, 'गंज' चालेल काय?

ताई, वडील बरोबर आहेत, इथं मनाचा विषयच नाही. हा शब्द १९८५ साली हेल्मुट झीस या जर्मन शास्त्रज्ञानं मांडला आणि रूढ झाला. शरीर प्राणवायू वापरतं तेव्हा काही अर्धवट रेणू तयार होतात, त्यातल्या बऱ्याच जणांकडं एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो, तो पुरा करायला ते शेजाऱ्याचा ओढून घेतात, असा इलेक्ट्रॉन ओढला जाणं म्हणजेच ऑक्सिडन. त्यांना आवरणारेही शरीरात असतात, आणि आवरणारे कमी पडले की तो स्ट्रेस. म्हणून 'तणाव' नको, तो लगेच डोक्यात जातो. लिहिताना 'ऑक्सिडनाचा ताण' लिहा. बोलताना मी 'ओढाताण' म्हणते, कारण ती खरोखरची ओढाओढच आहे.

आता गंज. आपल्याकडं मराठीत गंज धरतो, कन्नडमध्ये तुक्कु हिडिदिदे म्हणतात, तिथंही 'धरलाय'च, म्हणजे बाहेरनं काहीतरी येऊन चिकटतं असा भाव. ऑक्सिडन दोन्हीकडं आहे खरं, पण लोखंड स्वतःची दुरुस्ती करत नाही, शरीर रोज करत असतं. गंज म्हटलं की माणूस संपलाच असं वाटतं, आणि ते मला अजिबात पटत नाही.

माझ्या मते जवळचा शब्द आपल्या स्वयंपाकघरात आहे, खवट. शेंगादाणा जुना झाला, चिवडा उरला की जो खवट वास येतो ना, तीच केमिस्ट्री पेशीच्या आवरणात चालते, कारण ते आवरणही स्निग्ध पदार्थाचंच, एक रेणू बिघडला की तो शेजारच्याचा हायड्रोजन ओढतो, मग तो त्याच्या शेजारच्याचा, अशी साखळीच लागते. आमची आजी बरणी घासून वाळवल्याशिवाय नवं तेल ओतू द्यायची नाही, जुन्या तेलाचा खवटपणा नव्याला लागतो म्हणायची, ते शब्दशः खरं आहे. तेलात ई जीवनसत्त्व असतं ते ही साखळी तोडतं, आपल्या पेशीतही तेच काम करतं, आणि ते स्वतः खर्ची पडलं की सी जीवनसत्त्व त्याला परत उभं करतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कोलेस्टेरॉल साठतं तिथंही असंच बिघडलेलं एलडीएल, म्हणजे रक्तातनं कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, सापडतं.

मग या जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेऊ काय, असं पुढं कुणीतरी विचारणारच. फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर अभ्यास झाला, १९९४ साली निकाल आला, बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजराचा केशरी रंग, तोही या आवरणाऱ्यांतलाच, त्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायचा सोडून १८ टक्के जास्त निघाला. निपाणीकडच्या तंबाखूच्या पट्ट्यातल्या माणसांनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावं, गोळीनं बिडी धुऊन निघत नाही. शिवाय हे रेणू नुसते वाईट नाहीत, पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात. म्हातारपण यांच्यामुळंच येतं असं डेनहॅम हारमन या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९५६ साली मांडलं होतं, पण उंदरांत आवरणारे रेणू वाढवूनही आयुष्य बहुतेक वेळा वाढलं नाही, त्यामुळं ते एकच कारण धरू नये.

राहिला मोतीबिंदू. तिथं खवटही बसत नाही, भिंगात चरबी अगदी थोडी, मुख्यतः प्रथिनं असतात, आणि गाभ्यातली तर जन्मभर तीच राहतात, बदलत नाहीत. ती बिघडून एकमेकाला चिकटली की अंड्याचा पांढरा शिजल्यासारखं धुरकट होतं. तेव्हा वडिलांना एवढंच सांगा, 'बाबा, डोळ्यातल्या भिंगाची इतकी वर्षं ओढाताण झालीय, तुमच्या मनाची नव्हं.'