पर्ड्यूला निघालेल्या जळगावकरासाठी

भाऊ, तुम्ही लिहिलंय की २०१६ ला प्रवेश घेऊन उमवितून (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून) बीई केलं, आता अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात एमएसला प्रवेश मिळालाय. ही स्टेट युनिव्हर्सिटी आपल्या विद्यापीठासारखीच का, नि कागदपत्रांत काय सांभाळायचं?

नावापुरतीच सारखी. आपलं विद्यापीठ १९९० ला पुण्यापासून वेगळं झालं आणि खान्देशातली कॉलेजं त्याला जोडली गेली. शिकवतं कॉलेज, पेपर काढतं विद्यापीठ. तिथे शिकवणारा प्राध्यापकच पेपर काढतो, तोच तपासतो. घरी दिलेल्या असाइनमेंटलाही मार्क असतात, त्यामुळे शेवटच्या महिन्यात रट्टा मारून भागत नाही.

पर्ड्यूचं मूळ आहे अमेरिकेच्या १८६२ च्या मॉरिल कायद्यात. केंद्राने राज्यांना जमीन दिली: ती विका आणि शेती, यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढा. इंडियानाने १८६९ ला जागा ठरवली ती जॉन पर्ड्यू या व्यापाऱ्याने दीड लाख डॉलर देऊ केले म्हणून. नाव आपलं हवं, ही त्याची अट. १८७४ ला ३९ विद्यार्थ्यांवर वर्ग सुरू झाले. युनिव्हर्सिटी हॉलसमोर त्याची कबर आहे. शेती आणि यंत्रविद्या दोन्ही शिकवायच्या म्हणून तिथे राहुरीचं कृषी विद्यापीठ आणि इंजिनिअरिंग कॉलेज एकाच आवारात नांदतात असं समजा.

मुलं स्वतःला 'बॉयलरमेकर', म्हणजे बॉयलर बनवणारे, म्हणवतात. १८९१ ला वाबॅश कॉलेजला अमेरिकन फुटबॉलमध्ये ४४-० ने लोळवलं, तेव्हा वाबॅशच्या गावातल्या वर्तमानपत्राने चिडून दिलेलं हे नाव. रेल्वेच्या भुसावळच्या माणसाला बॉयलर समजावून सांगायला नको! कोणी 'बॉयलर अप' म्हटलं की उत्तर 'हॅमर डाऊन'. इंडियाना युनिव्हर्सिटीशी १९२५ पासून एका जुन्या लाकडी बादलीसाठी सामना होतो; जिंकणाऱ्याचं अक्षर, आय किंवा पी, बादलीच्या साखळीत ओवतात. पहिलाच सामना बरोबरीत सुटला, म्हणून पहिल्या कडीवर दोन्ही अक्षरं आहेत.

आता कागदपत्रं. तुमच्या सुरुवातीच्या गुणपत्रिकांवर 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ', २०१८ च्या नामविस्तारानंतरच्यांवर बहिणाबाईंचं नाव. दोन वेगळी विद्यापीठं वाटतात, म्हणून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा) मागतानाच नामविस्ताराचं पत्र घ्या. संस्थेच्या रकान्यात कॉलेज नव्हे, पदवी देणारं विद्यापीठ लिहा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं. फॉर्म मात्र पासपोर्टप्रमाणेच भरा, आय-ट्वेंटीवरही (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावरही) नाव तसंच हवं.

फीचं: इंडियानाच्या रहिवाशांची सवलत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कितीही वर्षं राहिलात तरी मिळत नाही. फी वाचते ती असिस्टंटशिपने, म्हणजे प्राध्यापकाच्या हाताखाली शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाने. प्राध्यापकांना आत्ताच मेल टाका. ऑगस्टपर्यंत थांबलात तर जागा भरलेल्या असतात.