डॅनिका रोम निवडून आल्या त्या रस्त्यावर

तुम्ही विचारलंय, "अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये एक ट्रान्सजेंडर पत्रकार बाई आमदार झाली, जगातली पहिली म्हणे. तिला सहानुभूतीची मतं मिळाली की नुसती पक्षाची लाट होती?"

आधी ते "जगातली पहिली" काढून टाका. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात शबनम मौसी सोहागपूरमधून आमदार होत्या आणि त्यांची मुदत 2003 मध्ये संपलीसुद्धा. न्यूझीलंडच्या जॉर्जिना बायर 1999 मध्ये थेट संसदेत गेल्या. डॅनिका रोम यांचा पहिलेपणा वेगळा आहे. आपण ट्रान्सजेंडर आहोत हे उघड सांगून निवडणूक जिंकणाऱ्या आणि अमेरिकेतल्या एखाद्या राज्याच्या विधानसभेत प्रत्यक्ष बसणाऱ्या त्या पहिल्या.

आता मुद्द्याचं. मी तेव्हाही, म्हणजे 2017 मध्ये, मनॅसस पार्कला, म्हणजे त्यांच्याच मतदारसंघात राहत होतो. एच-वन-बी व्हिसावर असल्यामुळे मत नव्हतं, पण रस्ता मात्र तोच होता. रूट 28. मनॅससहून यॉर्कशायरमधून, बुल रनच्या पुलावरून सेंटरव्हिलला जाणारा. अंतर म्हणाल तर सात-आठ मैल. सकाळी साडेसातला निघालात तर सिग्नलमागून सिग्नल, दोन्ही बाजूंना टायरवाले, गॅरेजवाले, जुनी दुकानं, आणि प्रत्येकात शिरायला डावीकडे वळणारी एक तरी गाडी. माझा थर्मासमधला चहा संपायचा, पण पूल काही यायचा नाही. चांदणी चौकात अडकलेल्या पुणेकराला जास्त सांगायची गरज नाही.

या बाई प्रचारात काय बोलत होत्या? "28 चं काहीतरी करा." सभेत तेच, मुलाखतीत तेच. डोक्याला इंद्रधनुषी रुमाल बांधायचा, आपण कोण आहोत ते लपवायचं नाही आणि विषय काढायचा तो ट्रॅफिकचा. हे कुणा सल्लागाराने शिकवलेलं नव्हतं. त्या मनॅससच्याच, आणि वर्षानुवर्षं स्थानिक वृत्तपत्राच्या बातमीदार. कुठला सिग्नल का तुंबतो, काउंटीच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्याच्या) बैठकीत कुठली फाइल अडली, हे त्यांनी पोटापाण्यासाठी लिहिलेलं होतं. (फावल्या वेळात मेटल बँडमध्ये गायच्या. मी एकदा ऐकायचा प्रयत्न केला. दीड मिनिट टिकलो.)

समोर होते रिपब्लिकन पक्षाचे बॉब मार्शल. 1992 पासून आमदार, तेरा वेळा निवडून आलेले, स्वतःला राज्यातला "चीफ होमोफोब", म्हणजे समलिंगींचा पहिल्या नंबरचा विरोधक, म्हणवून घेणारे. कोणी कुठलं स्वच्छतागृह वापरायचं यावर त्यांनी 2017 मध्येच विधेयक आणलं होतं, ते समितीतच बारगळलं. रोम यांच्याशी जाहीर वादचर्चा करायला त्यांनी नकार दिला आणि प्रचारात त्यांचा उल्लेख पुरुष म्हणूनच करत राहिले. म्हणजे एक उमेदवार रस्त्याबद्दल बोलतोय आणि दुसरा त्या उमेदवाराच्या शरीराबद्दल. सकाळी पाऊण तास गाडीत बसलेल्या माणसाला यातलं काय जवळचं वाटेल?

लाट नव्हती असं मात्र मी म्हणणार नाही. ट्रम्प अध्यक्ष होऊन वर्षही झालं नव्हतं आणि 7 नोव्हेंबर 2017 ला रोम यांच्या डेमोक्रॅट पक्षाने विधानसभेच्या शंभर जागांपैकी आपल्या जागा 34 वरून 49 वर नेल्या. पण रोम यांना जवळपास 54 टक्के मतं पडली, ती नुसत्या लाटेची नव्हेत असं माझं मत. त्या रात्री मार्शल यांच्याबद्दल विचारल्यावर त्या म्हणाल्या, मी माझ्या मतदारांवर टीका करत नाही आणि बॉब आता माझे मतदार आहेत. इतकं सभ्य आणि इतकं झोंबणारं वाक्य मी राजकारणात फार ऐकलेलं नाही.

लाटेवर आलेला माणूस पुढच्या वेळी बहुधा वाहून जातो. त्या 2019 आणि 2021 मध्ये पुन्हा निवडून आल्या. कामही केलं. शाळेत जेवणाचे पैसे थकलेल्या मुलाला वाढलेलं ताट कचऱ्यात टाकायला लावायचं नाही, हा कायदा त्यांचा. "समोरचा गे किंवा ट्रान्स आहे हे कळलं आणि माझं डोकं फिरलं" असा बचाव खून किंवा मारहाणीच्या खटल्यात चालणार नाही, हा 2021 चा कायदाही त्यांचाच. 2023 मध्ये त्या राज्याच्या सिनेटवर, म्हणजे वरिष्ठ सभागृहात गेल्या, समोर माजी पोलीस अधिकारी उभे असताना.

म्हणजे सगळं सुरळीत झालं असं नाही. 2018 मध्ये त्या आल्या तेव्हा विधानसभेने "जंटलमन" आणि "जंटलवुमन" हे संबोधन सोडून सगळ्यांनाच "डेलिगेट" म्हणायला सुरुवात केली होती, आणि तेव्हा बहुमत रिपब्लिकनांचं होतं. सहा वर्षांनी, फेब्रुवारी 2024 मध्ये, सिनेटमध्ये रोम यांनी एक कोरडा प्रश्न विचारला, तातडीचं कलम असलेल्या विधेयकाला किती मतं लागतात. अध्यक्षस्थानी नायब राज्यपाल विन्सम सिअर्स होत्या. उत्तर आलं, "येस सर, 32." रोम उठून बाहेर गेल्या. कामकाज थांबलं, मग पुन्हा थांबलं, आणि शेवटी सिअर्स यांनी माफी मागितली.

आता तुमच्या मनात येईल, 28 चं काय झालं? 2019 मध्ये काउंटीच्या मतदारांनी रस्त्यांसाठी रोखे काढायला मंजुरी दिली, त्यातले 20 कोटी डॉलर एकट्या 28 साठी. पुलापलीकडे, शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीच्या हद्दीत रस्ता सहा पदरी झालाय. पुलाच्या अलीकडे, यॉर्कशायरमध्ये सिग्नल आहेत तिथेच आहेत. मी आता सव्वासहालाच निघतो.