गिरगावातल्या चाळी पाडून इमारती झाल्या तेव्हा तिथल्या माणसांचं काय झालं? टॉवरमुळेच मराठी माणूस गेला का?

मी मुगभाटात वाढले आणि लग्नानंतरही गिरगावातच राहिले, म्हणून उत्तर लिहिते आहे. टॉवर यायच्या बऱ्याच आधी आमची निम्मी चाळ पांगली होती. ती पांगली चाळ रिकामी करणं आणि नव्या इमारतीची चावी मिळणं यांच्या मधल्या वर्षांत. त्या वर्षांबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आधी चाळी मोडकळीला का आल्या ते सांगते. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतर मुंबईत लोंढे येत होते, जागा मिळत नव्हती, त्यामुळे तेव्हा तो कायदा हवाच होता. त्याच्यामुळेच आमच्या आजोबांसारखी कोकणातून आलेली माणसं इथे टिकली. पण भाडं तेच राहिलं आणि चुना, लाकूड, गवंड्याची मजुरी मात्र वाढत गेली. मालकांनी डागडुजी सोडून दिली. पावसाळ्यात घरं कोसळायला लागली, तेव्हा १९६९मध्ये दुरुस्ती आणि पुनर्रचनेचा कायदा आला. शहर भागातल्या १९,६४२ इमारती उपकराखाली, म्हणजे दुरुस्तीसाठी घेतल्या जाणाऱ्या जादा कराखाली, आल्या. त्यातल्या १६,५०२ तर सप्टेंबर १९४०च्या आधीच्या. गिरगावात त्यांची दाटी होती.

आमच्या चाळीला टेकू लागले तेव्हा मी शाळेत होते. जाड लाकडी वासे गॅलरीच्या खाली तिरके ठोकले. तात्पुरते म्हणून लावलेल्या त्या वाशांना पुढे बायका वाळवणाच्या दोऱ्या बांधायच्या आणि मुलं लपाछपीत त्यांच्यावर राज्य घ्यायची. घर पडणार हे सगळ्यांना माहीत होतं. तरी सोडून कुणी जात नव्हतं, कारण एकदा खोली सोडली की हक्क गेला अशी भीती.

चाळीच्या आठवणी म्हटलं की गॅलरी, गणपती, दिवाळीचा फराळ हे सगळे सांगतात, आणि ते खोटं नाही. आमच्याकडे मधल्या खोलीतल्या काकूंकडे खानावळ होती. गावी बायकामुलं ठेवून आलेले कोकणातले पुरुष दोन वेळ जेवायला यायचे, आणि त्यांच्यातला कुणी आजारी पडला की त्याच्या भाताची पेज आळीपाळीने प्रत्येक घरातून जायची. पण मजल्याच्या टोकाला सगळ्यांना मिळून चार संडास होते. पहाटे बादली घेऊन रांगेत उभं राहायचं, आणि मुलींनी अंधार पडल्यावर एकटीने तिकडे जायचं नाही. पाणी पहाटे यायचं, तेव्हा आई उठायचीच. खोलीतल्या मोरीत, पडदा ओढून, आम्ही बहिणींनी अंघोळी केल्या. चाळ गेल्याचं दुःख मी जास्त करून पुरुषांच्या तोंडून ऐकलं आहे. माझ्या आईला नव्या घरातल्या संडासाच्या दाराची आतली कडी दाखवली, तर ती दोनदा लावून बघितली तिने.

आता मधली वर्षं. आम्हाला संक्रमण शिबिरात, म्हणजे नवी इमारत होईपर्यंत राहायच्या तात्पुरत्या वसाहतीत, जागा मिळाली, शीवच्या पलीकडे. दोन-तीन वर्षांत परत येऊ असं सगळे धरून चालले होते. आमच्या मालकाने कोर्टात दावा लावला आणि प्रकरण जवळजवळ दशकभर चाललं. मुलांच्या शाळा गिरगावातच ठेवल्या होत्या, कारण नाव काढलं की परत प्रवेश मिळणार नाही. आया बसने मुलांना घेऊन यायच्या आणि शाळा सुटेपर्यंत फणसवाडीच्या बालाजीच्या देवळात नाहीतर कुणा ओळखीच्यांच्या ओट्यावर बसून राहायच्या. वर्ष-दोन वर्षांत एकेक जण थकला. कुणी डोंबिवलीला ब्लॉक घेतला, कुणी बोरिवलीला. खानावळवाल्या काकू गावी गेल्या; गिऱ्हाईकच उरलं नाही तर करणार काय. शिबिरात ज्या वृद्धांना नेलं, त्यांच्यातले बरेच जण नवी इमारत बघायला उरले नाहीत. माझे वडीलही.

परत आलो तेव्हा १८० चौरस फुटांची खोली मिळाली. आत संडास, भिंती पक्क्या, नळ घरात. शेजारी मात्र निम्मे अनोळखी. दोन्ही बाजूंना दारं असलेला अरुंद बोळ होता, त्यात उजेड नव्हता, त्यामुळे दारं बंदच राहायची. एवढ्यासाठीही मी नव्या इमारतीला दोष देत नाही. जुने शेजारी समोर असते तर अंधाऱ्या बोळातही दारं उघडी राहिली असती.

टॉवर आले ते १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर. बिल्डरला जादा चटईक्षेत्र, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधायची मुभा, त्यासाठी तेव्हा ७० टक्के भाडेकरूंची संमती लागायची, आणि भाडेकरूला किमान २२५ चौरस फूट स्वतःच्या मालकीचे. पुढे ते ३०० झाले. ज्यांच्या हाती घर आलं त्यांचं भलं झालं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण लिफ्ट, पंप, वॉचमन यांचा महिन्याचा देखभाल खर्च पेन्शनवर पेलत नाही. मग घर विकून, विरारला मोठी जागा घेऊन, उरलेले पैसे मुलांना द्यायचे. ही माणसं गेली ती स्वखुशीने असं कागदावर दिसतं. म्हणून टॉवरचा वाटा आहेच, पण तो दुसरा घाव. पहिला आधीच बसला होता.

आणि हे संपलेलं नाही. पडक्या चाळींच्या जागी सरकारी मंडळाने त्या काळात बांधलेल्या ३८८ इमारती आता स्वतःच जुन्या झाल्या आहेत. आमचीही त्यातलीच, तिच्याही पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. तरुण मंडळी कार्पेट, म्हणजे घरातली वापरायची जागा, किती मिळणार हे विचारतात, ते बरोबरच आहे. १८० फुटांत सून आणायची कशी? मी प्रत्येक सभेत वेगळी गोष्ट मागते. मधल्या काळाचं भाडं सगळ्या वर्षांचं आधी बँकेत ठेवा, सत्तरीच्या वरच्यांना गिरगावातच, चालत येता येईल इतक्या अंतरावर जागा द्या, आणि नव्या इमारतीत एका मजल्यावरचे शेजारी एकाच मजल्यावर ठेवा. पहिल्या दोन मागण्या मसुद्यात आल्या आहेत. तिसरीला लॉटरीची अडचण सांगतात, म्हणजे कुणाला कुठलं घर ते चिठ्ठ्या टाकून ठरणार. तुमच्याही इमारतीचं असं काही चालू असेल तर ही तिसरी मागणी करारावर सह्या होण्याआधी लेखी घ्या, नंतर कुणी ऐकत नाही.