अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रायन कोबिल्का यांचं संशोधन किती मोठं, हे सायटेशनवरून (इतर निबंधांनी दिलेल्या संदर्भांच्या संख्येवरून) कळतं का?

कळतं, पण उशिरा. कोबिल्का ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट लेफकोविट्झ यांच्या चमूत होते, तेव्हा १९८६ साली बीटा-२ ॲड्रेनर्जिक रिसेप्टरचं (ॲड्रेनलिनचा संदेश पेशीत पोचवणाऱ्या प्रथिनाचं) जनुक हाती लागलं. त्याची रचना स्फटिकातून दिसायला मात्र २००७ उजाडलं! पेशीपटलाबाहेर काढलं की हे प्रथिन डळमळतं, मग स्फटिक बनणं अवघड. शेवटी त्यात टी-४ लायसोझाइम हे दुसरं प्रथिन जोडून ते स्थिर केलं. २०११ मध्ये जी-प्रथिनासकट (रिसेप्टरचा संदेश पेशीत पुढे नेणाऱ्या प्रथिनासकट) रचना 'नेचर'मध्ये आली, २०१२ मध्ये दोघांना रसायनशास्त्राचं नोबेल. या निबंधांची सायटेशन्स आज हजारांत आहेत. पण स्फटिकांशी चाललेली ती वर्षानुवर्षांची झटापट नुसत्या एच-इंडेक्समध्ये (निबंध आणि त्यांची सायटेशन्स यांवरून काढलेल्या आकड्यात) कुठे दिसणार? आणि हो, हे निबंध औषधं शोधणारेही वापरतात, त्यामुळे सायटेशन्स वाढतात, म्हणून या आकड्यांची तुलना गणितज्ञाच्या आकड्यांशी करू नका.